घडीत गेलेली ओळ

मित्रांनो, माझ्यात फारसे काही नाही. एक काच, तिच्याभोवती पितळेचे कडे आणि धरायला लाकडाची मूठ. मी एक भिंग आहे, आणि जुने आहे. माझ्याखाली जे येते ते मी मोठे करून दाखवते. मुंगी आली तर मुंगी, अक्षर आले तर अक्षर. ते चांगले की वाईट, खरे की खोटे, यात मी पडत नाही. कित्येक वर्षे मला या अलिप्तपणाचा थोडा अभिमानही होता. तो कसा उतरला, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

मला एका काचेच्या कारखान्यात घडवले. सुरुवातीला मी एक जाड, गढूळ चकती होते. एका कारागीर बाईने बारीक पूड आणि पाणी लावून मला दिवसभर घासले, तेव्हा कुठे माझ्यातून आरपार दिसू लागले. तिने मला दोन्ही बाजूंनी पोट आणले. भिंगाला पोट सुटले तरच ते कामाचे. माणसांचे तसे नसते, हे मला पुढे कळले.

काही दिवस मी चष्म्यांच्या दुकानात एका खणात पडून होते. तिथून मला एका मुद्रितशोधकाने नेले. छापण्याआधी मजकुराचा एक कच्चा कागद काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. ते प्रूफ मूळ कागदाशी ताडून चुका काढणारा माणूस म्हणजे मुद्रितशोधक. त्यांना दोन मुले होती, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. ती दोघे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबांच्या छापखान्यात गोष्टींची पुस्तके निघत नसत. औषधाच्या खोक्यात पातळ कागदाची एक घडी असते ना, जी बहुतेक लोक न उघडताच फेकून देतात? ती माहितीपत्रके तिथे छापत. मुलगी मोठी झाली, मुलगा मोठा झाला, आणि दोघेही त्याच खोलीत, त्याच टेबलाशी कामाला बसले. मुलीला सगळा छापखाना अक्का म्हणू लागला आणि मुलाला भाऊ. अक्का मात्र भाऊंना छोट्या म्हणते. भाऊंचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ते छोट्याच राहिले.

त्यांची काम करण्याची पद्धत बाबांनी घालून दिलेली. दोघे समोरासमोर बसतात. अक्का मूळ कागद मोठ्याने वाचते, आणि भाऊ मला हातात धरून प्रूफावरून सरकवतात. स्वल्पविराम आला की अक्का पेन्सिलीने टेबलावर एकदा टक करते, पूर्णविराम आला की दोनदा. आकडे सुटेसुटे वाचते. ओळ बरोबर असली की भाऊ म्हणतात, "हं." सगळा कागद झाला की दोघे कागद बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. औषध सर्दीचे असो की हृदयाचे, अक्काचा सूर एकच. ती बाजाराची यादी वाचावी तसे वाचते.

यालाही कारण होते. बाबा सांगायचे, "वाचताना समजून घ्यायचं नाही. समजायला लागलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते." शिवाय त्यांचा एक नियम होता. या टेबलावरचा कोणताही कागद दोघांनी वाचल्याशिवाय खोलीबाहेर जायचा नाही. हे दोन्ही धडे दोघांनी अगदी मनापासून गिरवले. त्यांच्या हातून निघालेल्या पत्रकात चूक सापडत नसे. मालक बाहेरच्यांना सांगायचे की ही बहीणभावंडे डोळ्यांत तेल घालून काम करतात. तेल कुठे होते, मीच होते. पण जाऊ द्या.

बाबांचे या टेबलावरचे शेवटचे वर्ष बरे गेले नाही. ते एक ओळ पाहत, "हं" म्हणत, आणि पुन्हा तीच ओळ पाहू लागत. अक्का पुढची ओळ वाचायची थांबे. मग एके सकाळी त्यांनी मला उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि अक्काला विचारले, "हे काय असतं गं?" भाऊ बाजूलाच उभे होते. त्यांनी मला बाबांच्या हातातून हळूच काढून घेतले. तेव्हापासून मी भाऊंची झाले. बाबा त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. हा आकडा भाऊंच्या मनात कायमचा बसला.

आता मुख्य हकिगतीकडे येते. भाऊंना एकसष्टावे वर्ष लागले त्या सुमारास एका नव्या औषधाचे पत्रक टेबलावर आले. औषध म्हणजे प्रोबायोटिक कॅप्सूल, पोटातल्या चांगल्या जंतूंची. खोक्यावर आणि पत्रकाच्या वरच्या भागातही लिहिले होते, "पोट शांत, डोकं तल्लख." चित्रात आतडे आणि मेंदू एकमेकांच्या गळ्यात हात घालून हसत होते. दोघांनाही गळा नसतो, पण चित्रकाराने वेळ मारून नेली होती.

पत्रकाच्या तळाशी एक सूचना होती. काही व्यक्तींचे पोट फुगू शकते, जेवणानंतर सुस्ती येऊ शकते किंवा डोके जड होऊ शकते, तसे झाल्यास कॅप्सूल बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अक्काने ती सूचना टक, टक टक करत वाचली. भाऊ "हं" म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की सूचनेची शेवटची ओळ बरोबर कागदाच्या घडीवर येते आहे. घडीवर आलेली ओळ चुरगळते, शाई उडते. छापखान्यात तो दोष धरतात. भाऊंनी लाल पेन्सिलीने समासात लिहिले, "ओळ घडीत जाते. एवढा मजकूर आणखी बारीक टाइपात घ्यावा."

तसे केले आणि ओळ बसली. मालक स्वतः खोलीत आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही नसतात तर सगळं पत्रक पुन्हा जुळवावं लागलं असतं. आणि औषध कंपनीला वरच्या जाहिरातीतला एकही शब्द हलवायचा नव्हता." भाऊ दिवसभर खुशीत होते. ती सूचना आता इतकी बारीक झाली होती की साध्या डोळ्याला राखेची रेघ वाटावी. मला मात्र ती छान ठळक दिसत होती, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

पत्रकाची घडी खोक्यात नीट बसते का हे पाहायला कंपनीने भरलेली चार खोकी पाठवली होती. काम झाल्यावर ती भाऊंच्या खणात पडून राहिली. माझी जागाही त्याच खणात, एका मऊ कापडी पिशवीत.

त्याच आठवड्यात कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता भाऊ त्याचे नावच विसरले. साठी उलटलेल्या कोणालाही विसरता येईल असे ते नाव होते. भाऊ हसले, व्यापारी हसला. पण भाऊ टेबलाशी परत आले तेव्हा माझ्या मुठीवरची त्यांची पकड घट्ट होती. थोड्या वेळाने त्यांनी खण उघडला, एक खोके फोडले आणि पाण्याबरोबर एक कॅप्सूल घेतली. अक्कालाही देऊ केली.

"नको रे बाबा," अक्का म्हणाली. "माझं पोट आणि माझं डोकं, दोघांचं कित्येक वर्षांत बोलणं नाही. आता कशाला जुळवून देतोस?"

पहिला महिना चांगला गेला. पोट हलके वाटते, असे भाऊ म्हणाले. वाटतही असेल. पण डोके तल्लख झाले का, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन घ्यायला सुरुवात केली. खोकी संपल्यावर औषधांच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. तिच्यात जंतू जास्त होते. किती जास्त, ते लिहिलेल्या आकड्यातली शून्ये मोजायला भाऊंनी मला वापरले. त्यानंतर आणखी एक बाटली आली, मग एक पावडरही आली. कोणाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. चांगलेच जंतू आहेत, आणि ते आपल्याच बाजूचे आहेत, असा त्यांचा हिशेब होता.

आम्ही सगळे एकाच खणात राहत होतो. दिवसाला चार कधी झाल्या आणि पाच कधी, हे मला माहीत होते. पण भिंगाला कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारले नाही म्हणून मला वाईटही वाटले नाही.

मित्रांनो, माझ्या एका बाजूला अक्षर असते, आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा डोळा. लोक समजतात मी फक्त खालचे पाहते. भाऊंचा डोळा मी रोज जवळून पाहत होते. जेवणानंतर तो ओळीवर टेकेनासा झाला. ओळीच्या मध्येच थांबायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. हात जड पडायचा. पोट फुगून ते टेबलाच्या कडेला लागू लागले, आणि कमरेचा पट्टा आधी एक, मग दोन भोके सैल झाला. त्यांना वाटले, वय झाले. आणि डोके चालत नाही म्हणजे कॅप्सूल कमी पडते आहे. मग आणखी एक.

एका दुपारी कधी झाले नव्हते ते झाले. भाऊंनी मला पिशवीत न घालता खिडकीत ठेवले, तेही डिंकाच्या बाटलीला तिरके टेकवून. खाली तपासलेल्या प्रुफांचा गठ्ठा होता. ऊन फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. मी काय करणार? माझ्यातून जे जाते ते मी एका जागी आणते. ज्या उजेडात भाऊ रोज वाचत, तोच उजेड मी कागदावर एका ठिपक्यात गोळा केला, आणि कागदातून धूर निघाला. अक्काने पेल्यातले पाणी ओतले. मसुराच्या दाण्याएवढे भोक पडले होते. भाऊ त्या भोकाकडे बराच वेळ पाहत बसले.

"उन्हात ठेवलंस होय रे?" अक्का एवढेच म्हणाली. भाऊंना आठवत नव्हते, आणि तेच त्यांना फार लागले.

त्यानंतर आठ दिवसांनी लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचे पत्रक आले. मात्रेचा तक्ता होता. अक्काने वाचले, "दोन, टिंब, पाच मिली." प्रूफावर टिंब पडले नव्हते. पंचवीस मिली छापले होते. मी ते पंचवीस चांगले मोठे करून दाखवले. भाऊंचा डोळा त्याच्यावरून गेला, आणि भाऊ म्हणाले, "हं."

दुसऱ्या फेरीत कागद बदलले आणि मी अक्काच्या हातात आले. ती त्या आकड्यावर थांबली. तिने लाल खूण केली आणि कागद भाऊंपुढे सरकवला.

"दहापट," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"छापलं नाही ना अजून? मग झालं तर."

"माझ्या हातून गेलं होतं, अक्का."

"माझ्या हातात आलं ना? त्यासाठीच तर दोघं बसतो."

ती बोलली ते खरे होते, पण भाऊंच्या कानापर्यंत ते पोहोचले नाही. त्या दिवशी मला पिशवीत घालताना त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले, बाबांनी पाहिले होते तसे. मी काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते फक्त खात्री करून घेत होते. भाऊ घाबरले होते, मित्रांनो. काम जाईल याची भीती नव्हती. आपण आपल्यालाच ओळखणार नाही, याची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद अक्कापुढे ठेवला. "एवढं तपासून दे," म्हणाले. नियम म्हणजे नियम. अक्काने पेन्सिल उचलली आणि नेहमीच्या सुरात वाचायला लागली.

"माननीय मालक, टक. गेली अडतीस वर्षे मी आपल्या छापखान्यात काम करत आहे, टक टक."

"हं," भाऊ म्हणाले.

"काही महिन्यांपासून माझे लक्ष टिकत नाही, टक, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, टक टक."

"हं."

"आमच्या वडिलांना जे झाले, टक, तेच मला होऊ लागले आहे, टक टक. माझ्या चुकीने एखादे लेकरू दगावण्याआधी मला कामातून मोकळे करावे, टक टक."

"हं."

शेवटची टक टक झाली आणि पेन्सिल तशीच हातात राहिली. अक्काने कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"छोट्या, हे कोणाचं पत्र आहे?"

"माझं," भाऊ म्हणाले.

"मी सगळं वाचलं," अक्का हळू आवाजात म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मला कळलंच नाही."

मग तिने पत्राची घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकली. "हे माझ्याकडे राहू दे. मालकांकडे जायचं नाही. माझी दुसरी फेरी व्हायची आहे."

पुढे जे घडले ते त्या पत्रामुळे घडले, असे मला वाटते. अक्काने बाबांचा धडा त्या दिवशी मोडला. ती वाचताना ऐकू लागली.

तिसऱ्या दिवशी मालक एक काम घेऊन आले. त्या कॅप्सूलचे पत्रक पुन्हा छापायचे होते. सोबत जुने, लाल खुणांचे प्रूफ होते, म्हणजे त्याबरहुकूम करता यावे. अक्का वाचू लागली, पण आता सावकाश. तळाच्या सूचनेशी आली. "काही व्यक्तींचे पोट फुगू शकते, टक, जेवणानंतर सुस्ती येऊ शकते किंवा डोके जड होऊ शकते..."

पुढची टक आलीच नाही.

"छोट्या, तुझा पट्टा कितव्या भोकावर आहे?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"शेवटच्या."

अक्का उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने भाऊंचा खण उघडला. एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. शेवटी पावडरीचा डबा.

"रोज किती घेतोस?"

"चार. कधी पाच."

"कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही. अगं, चांगलेच जंतू असतात ते. चांगलं थोडं जास्त झालं तर काय बिघडतं?"

अक्काने जुने प्रूफ त्यांच्यापुढे ठेवले आणि समासावर बोट ठेवले. भाऊंनी मला उचलले. माझ्यातून त्यांना आधी ती राखेसारखी बारीक सूचना दिसली, आणि तिच्या शेजारी आपलेच लाल अक्षर. ओळ घडीत जाते. आणखी बारीक टाइपात घ्यावा.

"हे मी लिहिलंय," भाऊ म्हणाले.

"तू लिहिलंयस, आणि मी वाचून दाखवलंय. त्या वेळी चार फेऱ्या केल्या होत्या आपण."

"ओळ घडीत जात होती, अक्का."

"हो. आणि तू ती वाचवलीस."

भिंतीपलीकडे यंत्राचा ठोका चालू होता. मी भाऊंच्या हातात होते आणि ती सूचना माझ्याखाली होती, एकेक अक्षर टपोरे. त्या दिवशीही ती अशीच टपोरी होती. मी दाखवली, अक्काने वाचली, भाऊंनी तपासली, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ती कळली नव्हती. माझा अभिमान उतरला तो इथे.

त्याच संध्याकाळी अक्का भाऊंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी भाऊंच्या खिशात होते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बाटल्या रांगेत लावायला सांगितल्या आणि त्यांच्यावरची लेबले वाचायला मलाच मागून घेतले. भाऊंनी आधी बाबांचे सांगितले, मग पोटाचे. बाईंनी त्यांना पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. भाऊंना घाम फुटला होता, पण चुकले एकाच ठिकाणी.

"हे जंतू वाईट नाहीत," बाई म्हणाल्या. "काहींना त्यांचा उपयोग होतो, काहींना काहीच होत नाही, आणि काहींना त्रास होतो. पोटाचा आणि मेंदूचा संबंध असतो हेही खरं. पण अमुक कॅप्सूल घेतली की डोकं तल्लख होईल, असं छातीठोकपणे सांगण्याइतकं आम्हालाच अजून माहीत नाही."

"मग माझं डोकं?"

"लहान आतड्यात जंतू थोडेच असायला हवेत. तिथे गर्दी झाली की अन्न तिथेच आंबायला लागतं, पोट फुगतं. त्यातून काही जणांचं डोकंही जड होतं, असं काही डॉक्टरांना दिसलंय. त्यावर आमच्यात वाद चालू आहेत. तुम्हाला याच्यामुळेच झालं, असं मी आज लिहून देणार नाही. हे सगळं बंद करा आणि तीन आठवड्यांनी या. फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्या करू, घाबरून न जाता." मग त्यांनी विचारले, "आणखी कोणाला दिल्यात का या?"

"अक्काला देत होतो. तिने घेतल्या नाहीत."

"पुन्हा कोणाला परस्पर देऊ नका. ज्याचं मोठ्या आजारावर औषधपाणी चालू असतं, ज्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्याला हेच चांगले जंतू महागात पडू शकतात."

खण रिकामा झाला. त्यात मी एकटी उरले. तीन आठवडे भाऊ रोज सकाळी पट्ट्याकडे आणि दुपारी ओळींकडे पाहत. जादू झाली नाही. पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता, आणि भाऊंचे तोंड एवढेसे झाले होते. मग एक दिवस पट्टा एक भोक आत आला. काही दिवसांनी जेवणानंतर त्यांचा डोळा माझ्यावर टेकला तो ओळ संपेपर्यंत हलला नाही. पुढच्या ओळीलाही नाही. अक्का वाचत होती आणि समोरून "हं, हं" येत होते, न अडखळता. पान संपल्यावर अक्काने चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ काढायला लावले आणि म्हणाल्या, "कारण शंभर टक्के तेच होतं, असं अजूनही म्हणत नाही. पण आता वर्षाने या." भाऊ व्यापाऱ्याचे नाव अधूनमधून अजूनही विसरतात. आता ते त्याला सरळ विचारतात.

अक्काने ते पत्र परत दिले. त्यावर तिने तपासणीची लाल खूण केली होती, वरपासून खालपर्यंत एकच तिरकी रेघ, आणि बाजूला लिहिले होते, "संपूर्ण मजकूर वगळावा." भाऊंनी ते वाचले आणि आपली सही केली. कागद दोघांनी वाचला होता, पण खोलीबाहेर गेला नाही.

राहिले ते पत्रक. फेरछपाई या सगळ्यापायी अडून पडली होती आणि मालकांना घाई होती. भाऊंनी नव्या प्रुफाच्या समासात लिहिले, "सूचना मोठ्या टाइपात घ्यावी. घडी बदलावी."

"भाऊ, घडी बदलली तर वरचं सगळं हलेल," मालक म्हणाले. "कंपनीचे लोक ऐकतील का?"

"जाहिरातीतली एक ओळ कमी करायला सांगा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर या प्रुफावर माझी सही होणार नाही," भाऊ म्हणाले. अक्काने टेबलावर दोनदा टक टक केले.

आठवडाभर पत्रव्यवहार चालला. कंपनीने भाऊंचे सगळे मानले नाही. डोकं तल्लख करणारी ओळ होती तिथेच राहिली. पण पत्रकाची घडी वेगळी झाली आणि सूचनेचा टाइप दोन पॉइंटांनी वाढला.

मित्रांनो, माझी काळजी घेणे सोपे आहे. मला उन्हात उघडे टाकू नका, ओरखडे पडतील असे पुसू नका, काम झाले की पिशवीत ठेवा. एवढे केले तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. तुमची काळजी घेणे तेवढे सोपे नाही, कारण तुम्हाला जे चांगले आहे असे सांगतात ते तुम्ही लगेच मोठे करून पाहता, आणि खालची ओळ घडीत जाते. एखादी गोष्ट पोटात घेण्याआधी तिचा कागद उघडा. तो दोनदा वाचा, आणि दुसऱ्यांदा वाचताना तो आपल्याबद्दल आहे असे समजून वाचा. कळले नाही तर ज्याला कळते त्याला विचारा.

छापून आलेले पहिले पत्रक भाऊंनी खिडकीशी नेले. सवयीने त्यांचा हात खणाकडे गेला, मी पिशवीतून निम्मी बाहेरही आले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि ती सूचना साध्या चष्म्यातून, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली. माझी गरज पडली नाही. इतक्या वर्षांत कशानेही झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.